आवडत्या खेळाडूचा रकाना रिकामा आहे: आमच्या फुटबॉल क्लबच्या संचालक मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळ,

स. न. वि. वि.

सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा तुमचा अर्ज गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे. नाव, पत्ता, जर्सीचा साइज, सगळं भरून झालंय. एकच रकाना राहिलाय: 'तुमचा आवडता खेळाडू'. चार वर्षांपूर्वी तिथे मी आपल्या नऊ नंबरचं नाव लिहिलं होतं. पुढच्याच उन्हाळ्यात तो गेला. मग मिडफिल्डमधल्या सहा नंबरचं लिहिलं, तो जानेवारीत गेला. त्यानंतर गोलकीपरचं. गेल्या वर्षी मी आपल्याच ॲकॅडमीतून वर आलेल्या लेफ्ट-बॅकचं, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूचं, नाव लिहिलं. म्हटलं, हा तरी घरचा आहे, आठव्या वर्षापासून आपल्याकडे आहे, याला कोण हलवतंय. गेल्या महिन्यात तुम्ही त्यालाही विकलंत.

म्हणून हे पत्र. खासगीत दोनदा लिहून झालं. दोन्ही वेळा 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढं एका ओळीचं छापील उत्तर आलं. आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. क्लबचं नाव मात्र मुद्दाम घालत नाही. तुम्ही वाचलंत तर तुम्हाला कळेलच की हे तुम्हालाच आहे. आणि दुसऱ्या एखाद्या क्लबच्या पाठीराख्याला हे आपल्याच क्लबबद्दल आहे असं वाटलं, तर तेही खरंच असेल.

मी या क्लबच्या मागे तेवीस वर्षं आहे. थोरल्या भावाने लावलेला नाद. त्याची जुनी जर्सी मला गुडघ्यापर्यंत यायची, ती घालून मी पहिला सामना पाहिला आणि आपण तो हरलो. तेव्हापासून खालच्या विभागात गेलेला हंगाम पाहिला, तिथून वर आलेला हंगाम पाहिला, शेवटच्या मिनिटाला हातची गेलेली सेमीफायनल पाहिली. तुमच्या खुर्च्यांवर तुमच्याआधी तीन अध्यक्ष बसून गेले. मॅनेजर किती झाले ते मी मोजणं सोडून दिलं. आम्ही तिथेच आहोत. हे उपकार म्हणून सांगत नाही. ज्यांचा मुक्काम सगळ्यात लांबचा, त्यांना प्रश्न विचारायचा हक्क असतो, एवढ्यापुरतं सांगते.

एक गैरसमज आधीच दूर करते, कारण तुमच्या बाजूने हेच उत्तर येतं: 'चाहत्यांना फक्त महागडे खेळाडू हवे असतात.' नाही. आमच्यापैकी बहुतेकांना क्लबची ऐपत कळते. खेळाडू जातात हेही कळतं. 1995 च्या बोसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू युरोपात एक पैसाही न देता दुसरीकडे जाऊ शकतो, त्यामुळे कराराचं शेवटचं वर्ष लागायच्या आत विकावं लागतं, हे गणित आज शाळकरी पोरांनाही येतं. मोठ्या क्लबने दुप्पट पगार देऊ केला तर कोणीही जाईल. आम्हीही जाऊ. तक्रार विकण्याची नाही. विकताना तुमच्या खिशात पुढच्या माणसाचं नाव नसतं, ही तक्रार आहे.

सहा नंबर जानेवारीत गेला तेव्हा काय झालं ते आठवा. त्याच्यासाठी विचारणा होते आहे हे आदल्या मे महिन्यापासून सगळ्यांना माहीत होतं. आठ महिने होते तुमच्या हातात. तो गेला त्या दिवशी मॅनेजर पत्रकारांसमोर म्हणाले, 'आता आम्ही बाजारात बघू.' आता! तहान लागली की विहीर खणायला घ्यायची, आणि पाणी लागेपर्यंत हंगाम संपलेला. शेवटी कडेने खेळणाऱ्या विंगरला मध्ये खेळवलं. त्या पोराने जीव तोडून प्रयत्न केला, पण सेंटर-बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, पुढची जागा राखणं हे त्याचं कामच नव्हे. फेब्रुवारी ते एप्रिल आपण एकाच प्रकारचे गोल खाल्ले: मध्यावर चेंडू गमावला, समोर मोकळं रान, दोन पास, गोल. सहावा की सातवा तसला गोल पाहताना भाऊ फोनवर नुसता 'बघ' म्हणाला. पुढे काही बोलायची गरज नव्हती.

हे कसं करायचं आणि कसं करू नये, याचा धडा साऱ्या जगाने एकाच हंगामात पाहिलेला आहे. ऑगस्ट 2017 मध्ये नेमार बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला. 22.2 कोटी युरो, आजवरची सर्वात मोठी रक्कम. बार्सिलोनाच्या हातात पैसा आला, पण तो आलाय हे दुकानदारांनाही कळलेलं होतं. महिना उलटायच्या आत त्यांनी डॉर्टमुंडकडून उस्मान डेम्बेले घेतला, जानेवारीत लिव्हरपूलकडून फिलिप कुटिन्यो. दोघांची बेरीज नेमारच्या रकमेच्याही वर गेली.

आता दुसरी बाजू बघा. लिव्हरपूलला सेंटर-बॅक हवा होता, व्हर्जिल व्हॅन डाइक. 2017 च्या उन्हाळ्यात बोलणी इतकी फिसकटली की त्याच्या क्लबची, साउदॅम्प्टनची, जाहीर माफी मागून त्यांना माघार घ्यावी लागली. दुसरा कोणी असता तर यादीतलं पुढचं नाव घेऊन मोकळा झाला असता. त्यांनी कोणालाच घेतलं नाही. थांबले. डिसेंबरअखेर साडेसात कोटी पौंडांना तोच खेळाडू ठरवला आणि मग जानेवारीत कुटिन्योला जाऊ दिलं. आधी घेतला, मग विकला! उन्हाळ्यात गोलकीपर ॲलिसन आणला. मे 2019 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या दोन सामन्यांच्या सेमीफायनलमध्ये हे दोन क्लब समोरासमोर आले. पहिला सामना बार्सिलोनाने 3-0 असा जिंकलेला. दुसऱ्यात कुटिन्यो बार्सिलोनाकडून उतरला होता. लिव्हरपूलने तो सामना 4-0 असा घेतला आणि पुढे करंडकही. पुढच्या हंगामात बार्सिलोनाने कुटिन्योला बायर्न म्युनिककडे लोनवर, म्हणजे उसना, पाठवलं आणि ऑगस्ट 2020 मध्ये बायर्नने बार्सिलोनाला 8-2 ने हरवलं, त्यातले शेवटचे दोन गोल त्याचेच.

दोन्ही क्लबांनी आपला लाडका खेळाडू गमावला होता, दोघांकडेही पैसा होता. एकाला काय हवंय ते ठाऊक होतं आणि दुसऱ्याला लोकांना काहीतरी दाखवायचं होतं.

आणि हे फक्त श्रीमंतांनाच जमतं असंही नाही. ऑगस्ट 2022 मध्ये ब्रायटनने लेफ्ट-बॅक मार्क कुकुरेया चेल्सीला विकला. दोन आठवड्यांच्या आत त्याच जागेवर पर्विस एस्तुपिन्यान आला. पाठोपाठ चेल्सीने मॅनेजरही नेला. तरी त्या हंगामात ब्रायटन सहावं आलं आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपात खेळायला गेलं. त्यांच्याकडे प्रत्येक जागेसाठी नावांची यादी आधीपासून तयार असते. आपल्याकडे अशी यादी आहे का? हा प्रश्न मी खरोखर विचारते आहे.

आता त्या लेफ्ट-बॅकबद्दल. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण यानेच सगळ्यात जास्त दुखलं.

हंगामाचा शेवटचा सामना. शिट्टी वाजली, सगळे खेळाडू मैदानाला फेरी मारून आत गेले. तो एकटा कॉर्नरच्या झेंड्यापाशी राहिला. कॅमेरा दुसरीकडे वळत होता, पण पडद्याच्या कडेला तो दिसत होता. वाकला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि मोज्यांवर गवतातून चालत आत गेला. बोगद्याच्या तोंडाशी किट सांभाळणारे म्हातारे गृहस्थ उभे असतात, त्यांच्या खांद्यावर त्याने डोकं टेकलं. दोन सेकंद. मला तेव्हाच कळलं. तुमचं अधिकृत निवेदन यायला आणखी एकोणीस दिवस लागले.

तो संघात नकोसा झाला होता का? नाही. त्याला जायचं होतं का? जाताना तो स्वतः म्हणाला की त्याला क्लबकडून जायला सांगण्यात आलं. मग का विकला? कारण आम्हालाही माहीत आहे, उगाच गुपित ठेवू नका. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत हिशेबाच्या वहीत कराराच्या वर्षांमध्ये वाटली जाते. पाच कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर दर वर्षी एक कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी विकला तर वहीत तो अजून तीन कोटींचा असतो, त्यावर मिळेल तेवढाच नफा. ॲकॅडमीतल्या पोराची वहीतली किंमत शून्य. तो विकला की आलेली सगळी रक्कम नफा. म्हणजे ताळेबंदाला भगदाड पडलं की ते बुजवायला सगळ्यात सोयीचं कोण? घरचं पोर. तोटा मर्यादेत ठेवायचे नियम चांगल्या हेतूने आले हे मला मान्य आहे. पण त्यांनी क्लबांच्या हातात ही वाईट सवय दिली, आणि ती तुम्ही आनंदाने लावून घेतलीत.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये हे उघड झालेलं आहे. तिथे तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपर्यंतच्या तोट्याची मुभा होती, नव्याने वर आलेल्या क्लबांना त्याहून कमी. नॉटिंगहॅम फॉरेस्टचं हिशेबाचं वर्ष 30 जूनला संपत होतं. त्यांनी आपल्याच ॲकॅडमीतला ब्रेनन जॉन्सन 30 जून 2023 च्या आत न विकता 1 सप्टेंबरला टॉटनहॅमला विकला. थांबल्याने किंमत जास्त आली, असं त्यांचं म्हणणं. तरी तोटा मर्यादेबाहेर गेला म्हणून मार्च 2024 मध्ये त्यांचे चार गुण कापले गेले. कोण चूक, कोण बरोबर, यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की लहानपणापासून क्लबमध्ये वाढलेला मुलगा कधी विकायचा, हा प्रश्न तारखेचा आणि वहीचा होऊन बसला. त्याच्या पायात काय आहे हा प्रश्नच मागे पडला.

आपल्याकडे तर ते भगदाडही पोराने पाडलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ज्या स्ट्रायकरला तुम्ही गाजावाजा करून आणलंत, ज्याच्या गुडघ्याबद्दल सगळे जाणकार बोलत होते, ज्याला पाच वर्षांचा करार दिलात आणि जो आज पगार घेत फिजिओच्या खोलीत बसलाय, त्याने पाडलेलं आहे. त्या बिचाऱ्यालाही दोष नाही. दुखापत कोणी मागून घेत नाही. पण तपासणीचा अहवाल वाचून सही करणारे तुम्ही होतात. चूक वर झाली आणि किंमत विशीतल्या मुलाने चुकवली.

आणि त्याच्या जाण्याची बातमी कशी बाहेर आली? 'क्लबच्या जवळच्या सूत्रांनुसार खेळाडूलाच नवं आव्हान हवं होतं.' ही कुजबुज तुमच्या कचेरीतूनच निघाली असा माझा दाट संशय आहे, कारण नऊ नंबरच्या वेळी आणि गोलकीपरच्या वेळीही शब्दन्‌शब्द तोच होता. त्यानंतर दोन दिवस त्या मुलाच्या फोटोंखाली आपल्याच लोकांनी काय काय लिहिलं ते मी वाचलं. गद्दार. पैशासाठी गेला. त्याच्या आईच्या फोटोखालीही लिहिलं. ज्यांनी लिहिलं त्यांची मला लाज वाटते, ते आमच्यातलेच आहेत. पण ती आग कोणी लावली? खेळाडूला विकणं हा तुमचा अधिकार आहे. त्याला बदनाम करून विकणं हा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही.

तिसरी गोष्ट डेडलाइन डेची. 2002-03 पासून फिफाने जगभर खेळाडूंच्या खरेदी-विक्रीसाठी खिडकीची पद्धत लावली, वर्षातून दोन वेळा, ठरलेल्या तारखांना; खिडकीचा शेवटचा दिवस म्हणजे डेडलाइन डे. तारीख महिनोन् महिने आधी माहीत असते. तरी आपल्या क्लबला दर वेळी ती अचानक आल्यासारखी वाटते. गेल्या वेळी रात्रभर मी आणि भाऊ फोनवर होतो. डावीकडून खेळणारा डिफेंडर येतोय असं संध्याकाळी कळलं. मग विमानतळावरचा फोटो आला. मग मेडिकल झाल्याची बातमी आली. मग तासभर काही नाही. खिडकी बंद झाली आणि वीस मिनिटांनी तुमचं निवेदन आलं, की 'कागदपत्रं वेळेत पूर्ण होऊ शकली नाहीत.' भाऊ म्हणाला, 'झोप आता, सकाळी कामावर जायचंय.' त्या डिफेंडरचा विचार माझ्या मनातून जात नव्हता. बॅग घेऊन आलेला माणूस, कुठे गेला असेल तो त्या रात्री?

अशा गोष्टी मोठमोठ्यांच्या बाबतीत घडल्या आहेत, हे मला मान्य आहे. 2015 मध्ये डाविड डे खेआचं माद्रिदला जाणं कागदं वेळेत न पोचल्याने फिसकटलं. 2017 मध्ये लेस्टरने आड्रियन सिल्वाची नोंदणी 14 सेकंद उशिरा केली आणि तो माणूस जानेवारीपर्यंत एकही सामना खेळू शकला नाही. 14 सेकंद! पण त्यातून शिकायचं काय, की असं होतंच? की शेवटच्या तासावर काही ठेवू नये? आपल्याकडे ती एक रात्र नव्हती. सलग तिसऱ्या खिडकीत आपण शेवटच्या दिवशी धावपळ केली. घाईत घेतलेल्यांपैकी किती जण आज पहिल्या अकरात आहेत ते तुम्हीच मोजा.

लोनबद्दल थोडक्यात सांगते. लोनवर आणलेला पोरगा इथे रुळतो, चांगला खेळतो, आणि उन्हाळ्यात तयार होऊन परत जातो. आपण दुसऱ्यांच्या खेळाडूंना शिकवून पाठवतो. करारात विकत घेण्याचं कलम घातलं असतं तर त्यांतले निदान दोन जण आज आपले असते. आपण विकलेल्यांच्या करारात पुढच्या विक्रीतला हिस्सा असतो की नाही, हेही कधी कोणी सांगितलं नाही. नऊ नंबर परवा आणखी मोठ्या क्लबकडे गेला. त्यातून आपल्याला काही मिळालं का?

पाचवी तक्रार सगळ्यात साधी आहे. तुम्ही खरं सांगत नाही.

'तो विक्रीला नाही' असं तुम्ही गोलकीपरबद्दल म्हणालात आणि अकरा दिवसांनी विकलात. 'आलेला पैसा संघातच गुंतवला जाईल' असं तीन वेळा म्हणालात. गुंतवला असेल तर कुठे, ते सांगा. कर्ज फेडलं असेल तर तेही सांगा, आम्ही टाळ्या वाजवू. मी उपरोधाने म्हणत नाही. कर्जाने क्लब कसा बुडतो ते आम्ही पाहिलं आहे. लीड्सने 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल गाठली, पुढच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीवर सहा कोटी पौंडांचं कर्ज काढलं, पण पुढची पात्रता हुकत गेली आणि सगळा डोलारा कोसळला. 2004 मध्ये खाली, 2007 मध्ये आणखी एक पायरी खाली. वर यायला 2020 उजाडलं. तसं आपल्याकडे व्हावं अशी इच्छा असलेला एकही पाठीराखा मला माहीत नाही. 'यंदा हात आखडता घेतोय, दोन हंगाम कठीण जातील, तरुण पोरांवर भिस्त आहे' असं अध्यक्षांनी उभं राहून सांगितलं असतं, तर स्टेडियम त्या पोरांच्या पाठीशी उभं राहिलं असतं. आम्हाला कठीण काळाची सवय आहे. खालच्या विभागातल्या त्या हंगामात, पावसात, आपल्या स्टँडमध्ये किती माणसं यायची ते जुन्या चित्रफिती काढून बघा. त्या वर्षी कोणी आम्हाला स्वप्नं विकत नव्हतं, तरी माणसं येत होती.

आता मागण्या.

येती खिडकी उघडण्याआधी संघबांधणीचा आराखडा सभासदांसमोर ठेवा. खेळाडूंची नावं नकोत, भाव वाढतात हे आम्हाला कळतं. कोणत्या जागा भरायच्या आहेत, कोणत्या वयाचे खेळाडू बघत आहात आणि खेळाडू निवडायचा शेवटचा अधिकार कोणाचा, मॅनेजरचा की स्पोर्टिंग डायरेक्टरचा, एवढं सांगा. गेल्या चार वर्षांत तीन मॅनेजर तीन तऱ्हेचे खेळाडू मागवून गेले, आणि आज संघात तीन वेगवेगळ्या संघांचे तुकडे आहेत.

खिडकी बंद झाल्यावर महिन्याच्या आत हिशेब द्या: विक्रीतून किती आले, खरेदीत किती गेले, एजंटांना किती दिले, हप्त्यांचं किती देणं बाकी आहे. खेळाडूगणिक नको, एकूण आकडे चालतील.

पहिल्या संघातला नियमित खेळाडू विकायचा असेल तर त्याच्या जागेची व्यवस्था आधी करा, आणि जमत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा.

ॲकॅडमीतून वर आलेल्या खेळाडूला केवळ ताळेबंदासाठी विकणार नाही, असा ठराव संचालक मंडळात करा. त्याला स्वतःला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण ते त्याने सांगावं, 'सूत्रांनी' नव्हे.

जाणाऱ्या खेळाडूबद्दल आडून बातम्या पेरणं बंद करा. आणि त्या लेफ्ट-बॅकबद्दल क्लबने एक निवेदन काढावं, की जाण्याचा निर्णय क्लबचा होता. दोन ओळी पुरतील. त्याच्या आईसाठी तरी काढा.

शेवटची मागणी: सभासदांनी निवडलेल्या दोन प्रतिनिधींना मंडळाच्या बैठकीत बसू द्या. मत नको, बसायला खुर्ची आणि बोलायला वेळ द्या. यात जगावेगळं काही नाही. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतांची बहुसंख्या सभासदांच्याच हातात असते. 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या चाहत्यांनी मैदानावर टेनिसचे चेंडू टाकून सामने थांबवले, तेव्हा लीगला बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा बेत सोडावा लागला. एप्रिल 2021 मध्ये बारा बड्या क्लबांनी सुपर लीग जाहीर केली, तेव्हा इंग्लंडमधले सहाच्या सहा क्लब दोन दिवसांत मागे फिरले, कारण लोक रस्त्यावर उतरले होते. मला आपल्याकडे सामना थांबवायचा नाही. आधी बोलावं, अशी माझी इच्छा आहे.

मी क्लब सोडणार नाही. ते माझ्या हातात नाही आणि तशी धमकी देणं खोटेपणाचं होईल. हंगामाचा पहिला सामना मी बघणार, भावाचा फोन त्याच वेळी येणार. पण या वर्षीची नवी जर्सी घेणार नाही, आणि अर्जही तुमचं उत्तर येईपर्यंत पाठवणार नाही. छापील ओळ नको, खरं उत्तर हवं. तोवर तो टेबलावरच राहील. जर्सीचा साइज लिहिलेला आहे, खाली सहीसुद्धा केलेली आहे. 'आवडता खेळाडू'च्या पुढे काल रात्री पेन घेऊन बसले होते. उजव्या विंगवरच्या त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव मनात आलं. लिहिलं नाही.

कळावे,

आपली,
तेवीस वर्षांची एक पाठीराखी